रांगेत उभं राहायचा हक्क

परवा स्टँडवर चहा पिताना एक पोरगं सांगत होतं, मुंबईकडच्या पार्कात दोन मिनिटांच्या पाळण्यासाठी दीड तास रांगेत उभा राहिलो! सगळे हसले. मला मात्र पंढरपूर आठवलं.

पाळण्याची रांग आपल्याकडं तशी नवीच. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, खोपोलीचं इमॅजिका २०१३ चं. तिकडं डिस्नेनं १९९९ मध्ये रांग टाळायला 'फास्टपास' काढला, तो फुकट होता. २०२१ पासून त्याच सोयीला पैसे पडू लागले.

आपली जुनी रांग म्हणजे विठोबाची दर्शनबारी. आषाढीत ती पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. माणूस दहा-पंधरा तास, कधी त्याहून जास्त उभा, आणि पायावर डोकं किती वेळ? दोन सेकंद. तरी कुरकुर नाही. (व्हीआयपी मधूनच घुसला की होते, अन् व्हायलाच पाहिजे.)

पण या बारीत उभं राहायलाही एके काळी जात आडवी यायची, हे आपण विसरतो. चोखोबांची समाधी देवळात नाही, महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ आहे. चौदाव्या शतकातला हा संत. त्यांच्या समाजाला देवळाचं दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजी पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात, १ ते १० मे उपाशी बसले. सहाशे वर्षांची वाट, तीही रांगेच्या बाहेर उभं राहून.

बोरीहून वारीला जाणाऱ्यांनी बारीला लागण्याआधी त्या समाधीपाशी जरूर जावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्या दिवसांबद्दल काही ऐकलं असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा.