जीएम अन्न-जीवाणू : ॲलर्जीची तपासणी कशी होते?

शिरूर अनंतपाळ परिसरात दही आजही घरच्या विरजणाचे असते. पण दुकानातले चीज, फ्लेवरचे दही, बेकरीचा माल आता खेड्यातही पोहोचला आहे. मग घरात प्रश्न निघतात : यात जीएम काही आहे का? मुलांना ॲलर्जी होईल का? आणि हे हलाल आहे का? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर मिळाले म्हणजे तिन्हींचे मिळाले, असे होत नाही.

जीएम जीवाणू म्हणजे काय?
जीवाणूमध्ये दुसऱ्या सजीवाचे जनुक घालून त्याच्याकडून हवे ते प्रथिन तयार करून घेतात. चीजसाठी दूध फाडणारे कायमोसिन हे याचे जुने उदाहरण. पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत. वासराचे जनुक घातलेल्या ई. कोलाय जीवाणूने बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेत 1990 मध्ये परवानगी मिळाली. त्यात जीवाणू मारून, एन्झाइम शुद्ध करूनच वापरतात.

तपासणीचे टप्पे
ॲलर्जी बहुतेक वेळा प्रथिनामुळे होते. म्हणून तपासणी नव्या प्रथिनाची होते.

1. जनुक कुठून घेतले? शेंगदाणा, दूध, अंडे अशा ॲलर्जी करणाऱ्या पदार्थातून घेतले असेल तर जास्त काटेकोर तपासणी.
2. संगणकावर जुळणी. 80 अमिनो आम्लांच्या पट्ट्यात माहीत असलेल्या ॲलर्जीकारक प्रथिनाशी 35 टक्क्यांहून अधिक साम्य दिसले, तर पुढची तपासणी लागते.
3. पचन. पोटातल्या पेप्सिनने प्रथिन लवकर तुटते का? न तुटले तर संशय वाढतो.
4. रक्त. आधीच ॲलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवातील आयजीई प्रतिपिंडे त्या प्रथिनाला चिकटतात का, ते पाहतात.

एकट्या टप्प्यावर निकाल देत नाहीत. सगळे मिळून ठरवतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने 2003 मध्ये जीएम सूक्ष्मजीवांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली. जीवाणू आतड्यात टिकून राहतो का, अँटिबायोटिकला दाद न देणारे जनुक इतर जीवाणूंना देईल का, हेही त्यात पाहावे लागते.

तपासणीने काय साधते?
लातूर जिल्हा सोयाबीनचा, म्हणून उदाहरणही सोयाबीनचे घेऊ. अमेरिकेत ब्राझील नटचे जनुक घातलेले सोयाबीन तयार झाले होते. ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या 9 पैकी 8 जणांच्या रक्तद्रवाने त्या नव्या प्रथिनाला प्रतिसाद दिला. हे संशोधन 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. ते बियाणे बाजारात आलेच नाही.

भारतात नियम
पर्यावरण संरक्षण कायद्याखालील 1989 च्या नियमांनुसार, जीएम घटक असलेले अन्न जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीच्या (जीईएसी) मंजुरीशिवाय बनवता, विकता किंवा आयात करता येत नाही.

हलाल आणि ॲलर्जी
कायमोसिनचे मूळ वासराचे असेल तर ते जायज आहे का, हे उलेमांना विचारावे. पण हलालचा शिक्का ॲलर्जीबद्दल काहीच सांगत नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला चीज त्रास देणारच, मग एन्झाइम कुठलेही असो. अन्न हलालही हवे आणि तय्यबही. दोन्हींची चौकशी वेगवेगळी करावी लागते.

घरी काय करावे?
- पाकिटावर दूध, अंडे, मासे, गहू, शेंगदाणा, सुकामेवा, सोयाबीन यांची सूचना वाचा. घरात धोका जास्त करून या ओळखीच्या पदार्थांचाच असतो.
- इफ्तारला किंवा ईदला शेजारी शीरखुर्मा पाठवताना त्यात दूध, काजू, पिस्ता आहे, हे सांगा.
- अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलटी झाली तर डॉक्टरांना दाखवा. श्वास अडकला किंवा चक्कर आली तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 ला फोन करा.
- कोणत्या पदार्थाने त्रास झाला ते लिहून ठेवा आणि शाळेतही कळवा.