इंडियाना हूझियर्स फुटबॉल संघ, 2024 हंगाम

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्रमुख प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्या मार्गदर्शनाखालील पहिला हंगाम. 2023 मध्ये 12 पैकी 3 सामने जिंकलेल्या या संघाने 2024 मध्ये 13 पैकी 11 जिंकले. दहा विजयांचा टप्पा त्याने प्रथमच गाठला. जेम्स मॅडिसन विद्यापीठातून प्रशिक्षकांसोबत आलेल्या खेळाडूंमुळे हे यश आयते मिळाले, असा आक्षेप घेतला जातो; पण खेळाडू बाहेरून घेण्याची मुभा सर्वांनाच होती, म्हणून श्रेय अचूक निवडीला व बांधणीला द्यावे लागते. प्रतिस्पर्धी दुबळे होते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र ज्या ओहायो स्टेट (15–38) व नोटर डेम (17–27) संघांकडून इंडियाना हरला, तेच पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यात भिडले. त्यामुळे या पराभवांनी संघाची मर्यादा दिसली, तरी परिवर्तनाचे मोल घटत नाही.