इंटिग्रेशन (ध्वनिमुद्रिका)

मुंबईत गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले जॅझ गिटारवादक आमांसियो डिसिल्वा (१९३६–९६) यांची १९६९ सालची ध्वनिमुद्रिका. मुंबईत उमेदवारी करून डिसिल्वा लंडनला स्थायिक झाले; तेथे निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी ती काढली. साथीला डॉन रेंडेल (सॅक्सोफोन), इयन कार (ट्रम्पेट), डेव्ह ग्रीन (बास) व ट्रेव्हर टॉमकिन्स (ड्रम). ‘गँजिस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’ या रचनांची नावेच मायदेशाकडे वळलेली. विशेष हे, की येथे ना सतार आहे, ना तबला. रागसंगीताची वळणे इलेक्ट्रिक गिटारच घेते, आणि सॅक्सोफोन व ट्रम्पेट तिच्या मागोमाग जातात. भारतीय रंग वरून फासलेला वाटत नाही, हे या ध्वनिमुद्रिकेचे खरे मोल. सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबतच्या त्याच वर्षीच्या ‘हम दोनो’ या ध्वनिमुद्रिकेतही डिसिल्वांची हीच वाट दिसते.