पापणीची साक्ष

सर्पदंशाच्या इतिहासांत विषाची आणि उताऱ्याची चर्चा पुष्कळ होते; रोग्याच्या चेहऱ्याची मात्र क्वचितच. वास्तविक नाग व मण्यार यांच्या विषाची पहिली खूण बहुधा चेहऱ्यावरच उमटते.

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें. जुनीं गांवठाणें पाण्याखालीं गेलीं. माढा व करमाळा तालुक्यांतील कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. उसांत उंदीर आले आणि उंदरांमागें साप. हिवाळ्यांत ऊसतोडीचीं कुटुंबें कोप्यांतून भुईवर निजतात. मण्यार रात्रीं हिंडते. तिच्या दंशास ना फारशी वेदना, ना सूज. पहांटे पोट दुखूं लागतें आणि पापण्या जड होतात. घरच्यांस ती झोपेची गुंगी वाटते.

या गुंगीचा अर्थ लागण्यास शतकें लागलीं. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या गेलननें सात मोजल्या, विलिसनें १६६४ सालीं नऊ. बारांची आजची गणना सोमेरिंगनें १७७८ सालीं दिली. भारतांतील विषारी सापांवरचा फेअररचा मोठा ग्रंथ १८७२ सालीं निघाला. कृत्रिम श्वास दिल्यास विषबाधा झालेला प्राणी अधिक काळ जगतो, असें त्याला व ब्रंटनला प्रयोगांत दिसलें. पुढें १९६३ सालीं तैवानांत चँग व ली यांनीं मण्यारीच्या एका जातीच्या विषांतील द्रव्यें निराळीं केलीं. घाव पडतो तो मज्जातंतु व स्नायु यांच्या सांध्यावर, हें त्यांतून उलगडलें. तार शाबूत राहते. निरोप मात्र पोंचत नाहीं.

म्हणूनच मज्जातंतूंची साधी तपासणी येथें उपयोगी पडते. तिला यंत्र लागत नाहीं. रोग्यास टक लावून वर पाहावयास सांगावें. तिसरी जोडी दुबळी पडली असल्यास पापण्या खालीं येतात. डोकें न हलवितां बोटामागें नजर फिरवावयास सांगितल्यास चौथी व सहावी जोडी कळते. दांत दाखविण्यांत सातवी, आवंढा गिळण्यांत नववी व दहावी, जीभ बाहेर काढण्यांत बारावी. उशीवरून मान उचलवेना, कीं श्वासाचें संकट जवळ आलें असें समजावें.

सर्वांत मोठा धोका याच्याही पुढें आहे. कांहीं रोग्यांचे सर्व स्नायु थंडावतात, बाहुल्या विस्फारतात, प्रकाशासही प्रतिसाद देत नाहींत. पाहणारा म्हणतो, संपलें. परंतु आठव्या जोडीचें काम ऐकण्याचें. त्यास स्नायूंचा सांधा लागत नाहीं. रोगी शुद्धीवर असूं शकतो, आणि आपल्याविषयीं काढलेला निष्कर्ष त्याच्या कानीं पडत असतो.

कालमेटनें १८९५ च्या सुमारास नागविषावरील रक्तद्रव सिद्ध केला. १८९९ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेनें पुढें नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारांवर एकच औषध बनविलें. तें रक्तांत फिरणाऱ्या विषास बांधतें. मण्यारीनें मोडलेला सांधा तें जोडीत नाहीं. तो शरीर स्वतःच पुन्हां उभारतें, त्यास कित्येक दिवस लागतात. तोंवर रबरी पिशवीनें वा यंत्रानें श्वास चालू ठेवल्यास माणूस उठून घरीं जातो.

२००५ सालीं भारतांत सर्पदंशानें सुमारें ४६,००० माणसें दगावलीं, असा अंदाज २०११ सालीं प्रसिद्ध झाला. उसाच्या रानांत पहांटे पापणी जड झाली, तर ती झोप समजून सूर्योदयाची वाट पाहूं नये. त्याच घटकेस इस्पितळाची वाट धरावी.