शब्दवेध : पत्रा

जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर सोन्याची कांडी दोन पोलादी रुळांमधून काढतो, त्याचा होतो पत्रा. धुळ्याकडे धाब्याची माती उतरवून घरावर घालतात तोही पत्राच. मूळ संस्कृत ‘पत्र’, धातू ‘पत्’ म्हणजे उडणे, पडणे. म्हणून आधी अर्थ पंख, मग झाडाचं पान, पुढे कागद आणि धातूचा पातळ तुकडा. जड लोखंडाला पंखाचं नाव मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रूळ एकमेकांच्या उलट फिरतात, मधली फट कांडीच्या जाडीपेक्षा कमी. धातू चेपला की लांबीत पळतो, रुंदीत फारसा नाही. चार-दोनदा काढलं की सोनं कडक होतं, कडेला चिरू लागतं. मग ते तापवून मऊ करायचं. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये मात्र लोखंड लालबुंद असतानाच दाबून सळई काढतात. तिचं मूळ वेगळं : ‘शलाका’.