अमेरिकन खेळाडूंचें विद्यापीठांतर

विद्यार्थ्यानें एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यांत नांव घातलें, तर त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. अध्यापक आवडले नाहींत, गांवचें पाणी मानवलें नाहीं, घरची परिस्थिति पालटली, एवढीं कारणें पुरेशीं होतात. परंतु अमेरिकेंतील विद्यापीठांच्या संघांतून फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना ही साधी मोकळीक अनेक वर्षें नव्हती. त्यांपैकीं जो संस्था बदली, त्याला नव्या संस्थेंत सामान्यतः वर्षभर मैदानाबाहेर बसावें लागे. हें बंधन कां आलें, तें न्याय्य होतें काय, आणि तें गेल्यानें काय साधलें, हा विचार केवळ खेळापुरता नाहीं. विद्यार्थ्यावर संस्थेचा हक्क किती, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

बंधनाचा उगम एका खऱ्या रोगांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडण्याचा खेळ, विद्यापीठांच्या अभिमानाचा विषय होऊन बसला होता. सामना जिंकण्यासाठीं बाहेरचे खेळाडू आणून त्यांचीं नांवें पटावर चढविण्याची चाल पडली. अशांना ‘भटके खेळाडू’ म्हणत. फील्डिंग योस्ट याची १८९६ च्या ऑक्टोबरांतील गोष्ट ह्या चालीचा नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. योस्ट हा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांत कायद्याचा विद्यार्थी होता, आणि त्या विद्यापीठाच्या बाजूनें लाफायेत कॉलेजाविरुद्ध खेळलाही होता. थोड्याच दिवसांत तो लाफायेतचा विद्यार्थी म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध उभा राहिला! लाफायेतनें तो सामना ६–४ असा जिंकला, आणि पेनसिल्व्हेनियाच्या विजयांची लांब मालिका खंडित झाली. लगेच योस्ट वेस्ट व्हर्जिनियास परतला आणि तेथेंच त्यानें पदवी घेतली. पुढें १९०१ पासून मिशिगन विद्यापीठाचा कोच, म्हणजे संघाचा शिक्षक, म्हणून तो देशभर गाजला.

खेळाला दुसराही रोग जडला होता, तो जीवघेण्या आडदांडपणाचा. १९०५ च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील धुरीणांस व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळाच्या सुधारणेविषयीं बजावलें. तरीही तो हंगाम संपेपर्यंत १८ जण दगावल्याची मोजदाद वर्तमानपत्रांनीं केली. तेव्हां १९०६ सालीं ६२ संस्थांची एक संघटना उभी राहिली. १९१० पासून ती नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन ह्या नांवानें ओळखली जाते. खेळांतील रानटीपणा कमी करावा आणि खेळणारा खरोखर विद्यार्थी असावा, असा दुहेरी आग्रह त्या काळच्या सुधारकांचा होता. नवागतानें आधीं वर्षभर अभ्यास करून दाखवावा व मग मैदानांत उतरावें, ही कल्पना ह्याच आग्रहांतून रुजली. योस्टसारख्या आठवड्याच्या पाहुण्यावर हें औषध रामबाण होतें.

तथापि पुढें रोग पालटला, आणि औषध मात्र तेंच राहिलें. १९५६ सालीं असोसिएशननें केवळ खेळांतील गुणांवर शिष्यवृत्ति देण्यास मान्यता दिली. खेळाडूचा शिक्षणखर्च भागूं लागला हें चांगलेंच झालें. पण मग तो संस्थेचा नोकर काय, असा प्रश्न निघाला. कोलोरॅडोंतील फोर्ट लुइस कॉलेजचा एक खेळाडू १९५५ सालीं सामन्यांत इजा होऊन मरण पावला. त्याच्या विधवेनें कामगारांच्या कायद्याखालीं भरपाई मागितली, ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं नाकारली. त्याचें खेळणें ही नोकरी ठरली नाहीं. असोसिएशनचे तत्कालीन सूत्रचालक वॉल्टर बायर्स यांनीं ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ केला तो ह्याच दशकांत. १९७३ सालीं शिष्यवृत्तीची मुदत चार वर्षांवरून एका वर्षावर आली, आणि दरसाल तिचें नूतनीकरण संस्थेच्या मर्जीवर राहिलें. येथें तराजूचें पारडें स्पष्ट कललें. संस्था वर्षअखेर हात झटकूं शके. विद्यार्थी आपण होऊन निघाला तर त्याचें मात्र एक वर्ष बुडे. एवढेंच नव्हे, तर जुन्या संस्थेची अनुमति नसेल तर नव्या संस्थेला त्याच्याशीं बोलणेंही मना होतें. १९८४ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें सामन्यांच्या दूरचित्रवाणी-हक्कांवरील असोसिएशनची मक्तेदारी मोडली, आणि त्यानंतर विद्यापीठांकडे पैशाचा ओघ वाढतच गेला.

हा विषमपणा किती होता, तें २००७ सालच्या एका घटनेवरून ध्यानांत येतें. त्या डिसेंबरांत रिच रॉड्रिग्वेझ या कोचनें वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ सोडून मिशिगनची जागा पत्करली. संघाचा हंगामांतील अखेरचा मोठा सामना अद्याप व्हावयाचा होता. करारानें ठरलेल्या ४० लक्ष डॉलरांसाठीं विद्यापीठानें दावा लावला, आणि पुढें त्या रकमेचा निकाल तडजोडीनें लागला; पण नव्या हंगामांत रॉड्रिग्वेझ मिशिगनच्या संघापुढें उभा होता. तिकडे नव्या कोचची खेळण्याची पद्धति आपणांस मानवणार नाहीं हें ओळखून रायन मॅलेट हा मिशिगनचा तरुण खेळाडू आर्कान्सास विद्यापीठांत गेला. त्याला २००८ चा संपूर्ण हंगाम बाजूला बसून काढावा लागला. कोचनें संस्था सोडली, त्याची किंमत पैशानें चुकती झाली. विद्यार्थ्यानें सोडली, त्याची किंमत त्याच्या उमेदीच्या वर्षानें भरून घेतली गेली.

असें बंधन फार काळ टिकणें शक्य नव्हतें. २०१८ च्या ऑक्टोबरांत ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नांवाची नोंदवही सुरू झाली. तींत नांव घातलें कीं इतर संस्थांना त्या खेळाडूशीं बोलतां येऊं लागलें, आणि जुन्या संस्थेच्या अनुमतीची अट गेली. अन्य बहुतेक खेळांत आधींपासून असलेली एक वेळची सवलत २०२१ सालीं फुटबॉल व बास्केटबॉल यांनाही मिळाली. त्याच वर्षीं खेळाडूंना आपल्या नांवाचा व प्रसिद्धीचा मोबदला घेण्याची मुभा झाली. दुसऱ्यांदा संस्था बदलणाऱ्यावरील बंदीविरुद्ध सात राज्यें न्यायालयांत गेलीं, आणि २०२३ च्या डिसेंबरांत वेस्ट व्हर्जिनियांतील व्हीलिंग येथील न्यायाधीशानें तिला तात्पुरता मनाई-हुकूम दिला. ज्या राज्यांतून योस्ट एका सामन्यापुरता निघाला होता, तेथेंच अशा प्रकारें ह्या बंधनाचा निकाल लागला. २०२४ च्या एप्रिलांत, अभ्यासांत पात्र असणाऱ्या खेळाडूनें कितीही वेळां संस्था बदलावी, असा नियम असोसिएशनलाच करावा लागला.

ह्या मोकळिकीची दुसरी बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाहीं. दर वेळीं विद्यापीठ बदललें कीं आधींच्या अभ्यासक्रमाचा कांहीं भाग नव्या ठिकाणीं धरला न जाण्याचा धोका असतो, आणि पदवी लांबते. लहान संस्थेनें दोन वर्षें खपून तयार केलेला खेळाडू मोठी संस्था पैशाच्या बळावर उचलते. कित्येकजण पोर्टलांत नांव घालून हातची जागा गमावतात, आणि पुढें त्यांना कोणी विचारीत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील भटका खेळाडू नव्या वेषांत परत आला, ही तक्रार अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं.

परंतु ह्यावर जुनें दावें पुन्हां विद्यार्थ्याच्याच गळ्यांत अडकविणें हा उपाय नव्हे. योस्टचा दोष तो दुसरीकडे गेला हा नव्हता. तो तेथें शिकण्यासाठीं गेलाच नव्हता, हा होता. म्हणून अट घालावयाची तर अभ्यासाची घालावी: वर्गांतील हजेरी, परीक्षेंतील प्रगति, आणि पदवीच्या दिशेनें खरोखर पडलेलें पाऊल. याहून अधिक बांधिलकी संस्थेस हवी असेल, तर तिनें कोचशीं जसा करार केला तसा विद्यार्थ्याशीं करावा. शिष्यवृत्ति पुऱ्या मुदतीची द्यावी, इजा झाल्यास औषधपाण्याची जबाबदारी घ्यावी, आणि त्याच्या बदल्यांत त्याच्याकडून राहण्याचें वचन घ्यावें. २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठें खेळाडूंना उत्पन्नाचा वांटा थेट देऊं लागलीं आहेत. आतां असा करार अशक्य आहे असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. दोघांनीं मिळून स्वीकारलेलें बंधन मनुष्य जड झालें तरी पाळतो. एकानें स्वतः मोकळें राहून दुसऱ्यावर लादलेलें बंधन शेवटीं न्यायालयांत तुटतें, हा ह्या इतिहासाचा बोध आहे.