शोनब्रुनच्या भिंतींवरचे अरण्य

१/ वय वाढले तशी सम्राज्ञी मारिया थेरेसा हिला उन्हाळ्याची काहिली सोसवेनाशी झाली. व्हिएन्नाजवळच्या शोनब्रुन राजवाड्यात तिने बागेलगतची तळमजल्यावरील थंड दालने राहण्यासाठी निवडली. १७६९ पासून योहान वेन्झेल बेर्गल या चित्रकाराने तिथे एक अरण्यच उभे केले.

२/ भिंतींपासून छतापर्यंत परदेशी वृक्ष, वेली, फुले, फळे आणि रंगीबेरंगी पक्षी. कोपरा कुठे संपतो आणि छत कुठे सुरू होते, हेच कळू नये अशी योजना. या अरण्यात पानगळ नाही, हिवाळा नाही. १७६५ मध्ये पती फ्रान्झ स्टेफान निवर्तल्यापासून आमरण शोकवस्त्रे नेसणाऱ्या राणीभोवती हा अक्षय वसंत फुलला होता.

३/ मात्र याला केवळ विसावा समजणे अपुरे ठरेल. निसर्गविज्ञानाचा व्यासंग असलेल्या फ्रान्झने १७५२ मध्ये शोनब्रुनचे प्राणिसंग्रहालय स्थापन केले. १७५४ मध्ये त्याने निकोलाउस जाक्विन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला कॅरिबियन बेटांकडे धाडले. १७५९ मध्ये जाक्विन परतला, तोवर तिकडची झाडे आणि प्राणी शोनब्रुनला पोहोचले होते.

४/ म्हणजे बाहेर काचगृहात जे जपले जात होते, त्याचीच प्रतिध्वनी आत भिंतींवर उमटली. दूरदेशीचे झाड आपल्या अंगणात जगवणे ही त्या काळी ज्ञानाची आणि सत्तेचीही खूण होती. ऑस्ट्रियाकडे अमेरिकेत वसाहत नव्हती. पण तिथली सृष्टी दरबारात होती.

५/ याच बेर्गलने १७६३-६४ मध्ये डॅन्यूबकाठच्या मेल्क मठाचा उद्यानमंडप रंगवला. तिथेही दूरच्या खंडांतील निसर्ग म्हणजे जणू भूतलावरचे नंदनवन.

६/ आता या नंदनवनात काय नाही, तेही पाहावे. जाक्विन ज्या मार्टिनिक बेटावर हिंडला, तिथे उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. त्यांच्या घामाचा थेंबही शोनब्रुनच्या हिरवाईवर पडलेला दिसत नाही.

७/ सजावटीच्या चित्राला आपण सहसा निरुपद्रवी मानतो. परंतु चित्रातला निसर्ग हा नेहमी कुणीतरी निवडलेला निसर्ग असतो. म्हणून अशा भिंतीसमोर उभे राहिल्यावर दोन प्रश्न विचारावेत : हे झाड इथवर कसे आले? आणि त्याच्या सावलीतून कुणाला वगळले?